केबीओ दर सीझनला ‘हरवतो’: फिट मस्त, रेसिड्युअल मस्त, पण पिंड जागेवर नाही (समस्या निवारण)

आधी लक्षण सांगतो, तुमचंही हेच असेल तर पुढे वाचा. केबीओ (कायपर बेल्ट ऑब्जेक्ट) म्हणजे नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ पिंड. असा एखादा बारका पिंड, मॅग्निट्यूड २३ च्या आसपास (आकडा जितका मोठा तितका पिंड मंद), एका आठवड्यात तीन-चार रात्रींच्या इमेजेसमध्ये सापडतो, मोजमाप नीट होतं, सॉफ्टवेअर ऑर्बिट (कक्षा) फिट करून देतं, रेसिड्युअल (मोजलेली जागा आणि फिटने सांगितलेली जागा यांतला फरक) ०.१ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद), सगळे खूश. मग पुढच्या वर्षी प्रेडिक्शन काढून तिकडची फील्ड बघायला घेतली की तिथे काहीच नाही. परत फिट, परत प्रेडिक्शन, परत नाही. आणि मग माणूस इंटिग्रेटर (कक्षा पायरीपायरीने पुढे चालवणारा प्रोग्रॅम) बदलायला लागतो, टाइमस्टेप (एका पायरीचा काळ) कमी करतो, सगळे ग्रह टाकतो, सेरेससुद्धा टाकतो, आणि शेवटी कोणीतरी हळूच म्हणतं की नववा ग्रह तर नसेल ना. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मी हे तीन वेगवेगळ्या पिंडांच्या बाबतीत केलंय त्यामुळे हसतोय ते स्वतःलाच. तीनपैकी दोन वेळा दोष एकाच ठिकाणी होता आणि तिसऱ्या वेळी तर इतक्या फालतू ठिकाणी होता की सांगायला लाज वाटते, पण सांगतो खाली.

मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. आठवड्याच्या आर्कवरून (पहिल्या ते शेवटच्या मोजमापापर्यंतचा काळ म्हणजे आर्क) केलेली फिट ‘चांगली’ दिसते कारण तिला चूक दिसायला जागाच नसते. अंतर तुमच्या डेटाने ठरवलेलं नसतं, सॉफ्टवेअरच्या गृहीतकाने ठरवलेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा त्रास संपतो.

आता हे का होतं ते जरा सावकाश बघू, कारण इथेच खरी गंमत आहे. ४४ एयूवरचा (एक एयू म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) पिंड धरा, क्लासिकल बेल्टमधला (नेपच्यूनशी न अडकलेल्या कक्षांच्या पट्ट्यातला) साधा. प्रतियुतीच्या वेळी (पृथ्वीवरून बघताना पिंड सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो तेव्हा) तो आकाशात तासाला साधारण ३ आर्कसेकंद उलटा सरकतो. हा वेग बहुतेक सगळा त्याचा नसतोच, आपला असतो, पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटरने पळतेय त्याचं ते प्रतिबिंब. पिंडाची स्वतःची चाल बघा, एका फेरीला २९० वर्षं म्हणजे वर्षाला सव्वा अंशाच्या आसपास, तासाला अर्धा आर्कसेकंद फक्त. म्हणजे तुम्ही जे मोजताय ते दोन गोष्टींची वजाबाकी आहे, पृथ्वीच्या गतीचा वाटा (अंतर जास्त तर तो कमी) वजा पिंडाची स्वतःची चाल. एका संख्येवरून दोन अज्ञात काढायचे. शाळेत सुद्धा शिकवलंय की हे होत नाही.

होतं कधी, तर पृथ्वीचा रस्ता वाकडा आहे म्हणून. पॅरलॅक्समुळे (बघणारा हलला की वस्तू सरकलेली दिसते त्यामुळे) पिंडाचा मार्ग सरळ रेषेपासून किंचित ढळतो आणि तो ढळ अंतर सांगतो. पण प्रतियुतीला गोची अशी की पृथ्वीचं त्वरण सूर्याकडे असतं आणि सूर्य त्या वेळी पिंडाच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला, म्हणजे त्वरण पूर्ण आपल्या नजरेच्या रेषेत, आडवं शून्य. वाकडेपणा दिसतच नाही. मी कागदावर हिशोब करून बघितला, ४४ एयूच्या पिंडासाठी प्रतियुतीभोवतीच्या एका आठवड्यात सरळ रेषा काढून टाकल्यावर उरणारा ढळ आर्कसेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी येतो. म्हणजे तुमच्या मोजमापाच्या गोंगाटाएवढा किंवा त्याच्या खाली. तोच आर्क दोन महिन्यांचा करा, ढळ चाळीसएक आर्कसेकंद होतो. आठवड्याला काही नाही आणि दोन महिन्यांना चाळीस, कारण हा ढळ वेळेच्या घनाने वाढतो. आणि अजून एक, तोच एक आठवडा प्रतियुतीपासून दोन महिने दूर घेतला तर ढळ पाच आर्कसेकंदांच्या आसपास मिळतो, कारण आता त्वरण आडवं पडतं. तेवढ्याच रात्री, तोच टेलिस्कोप, पण अंतराची माहिती पन्नास पट.

मग सगळे प्रतियुतीलाच का शोधतात? कारण तिथे मेन बेल्टचे लघुग्रह तासाला ३०-३५ आर्कसेकंदांनी पळत असतात आणि आपला पिंड ३ ने, फरक डोळ्याला दिसतो. बाजूला गेलात की लघुग्रह त्यांच्या स्तंभी बिंदूपाशी जवळपास थांबलेले दिसतात आणि केबीओचं सोंग घेतात. शोधायला प्रतियुती बरी, अंतर ठरवायला बाजू बरी. दोन्ही लागतं.

आता या अनिश्चिततेची किंमत बघा. समजा अंतरात ३ टक्क्यांची चूक आहे, फक्त तीन. पृथ्वीच्या गतीचा वाटा या अंतरावर तासाला साडेतीन आर्कसेकंद धरला तर त्याच्या तीन टक्के म्हणजे तासाला ०.१. हे तुमच्या पिंडाच्या खऱ्या चालीत चूक म्हणून जाऊन बसतं. वर्षाचे तास ८७६६. गुणा. ९०० आर्कसेकंदांच्या वर, पंधरा आर्कमिनिटं, अर्ध्या चंद्राएवढं. आणि तुम्ही प्रेडिक्शनच्या भोवती दोन-तीन आर्कमिनिटांचा चौकोन बघून म्हणताय सापडला नाही.

सॉफ्टवेअर काय करतं तर रिकामी जागा भरतं. कोणी वर्तुळाकार कक्षा धरतं, कोणी पिंड पेरिहेलियनला (सूर्याच्या सगळ्यात जवळच्या बिंदूला) आहे असं धरतं, आणि केबीओसाठी गॅरी बर्नस्टाइन आणि भरत खुशालानी यांनी २००० साली मांडलेली पद्धत आहे तीत अंतराऐवजी एक भागिले अंतर असं पॅरामीटर घेतात आणि नजरेच्या रेषेतला वेग डेटातून ठरत नसेल तर तो शून्याजवळ ठेवून, पिंड सूर्याशी बांधलेला आहे एवढीच अट लावून, अनिश्चितता प्रामाणिकपणे फुगवतात. ही मला सगळ्यात आवडते कारण ती खोटं बोलत नाही. पण लोक (मी पण) आउटपुटमधली कक्षेच्या सहा संख्यांची (एलिमेंट्सची) वरची ओळ उचलतात आणि खालचा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (प्रत्येक संख्या किती अनिश्चित आणि दुसरीशी कशी बांधलेली ते सांगणारा तक्ता) बघतच नाहीत. अहो उत्तर खालीच आहे.

आता तपासायचा क्रम

पहिल्यांदा रेसिड्युअल प्लॉट करा, पण राइट असेन्शन-डेक्लिनेशनमध्ये (आकाशातल्या नेहमीच्या निर्देशांकांत) नाही, गतीच्या दिशेने आणि गतीला आडवं असं फिरवून. चूक गतीच्या दिशेने लांबट असेल तर वेळ, अंतर, लाइट टाइम (प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला लागणारा वेळ) यातलं काहीतरी. आडवी चूक असेल तर ताऱ्यांचा कॅटलॉग, पिंडात मिसळून दिसलेला (ब्लेंड झालेला) तारा, किंवा तुम्ही दोन वेगळे पिंड एक समजून जोडलेत. या एका प्लॉटने माझे जितके तास वाचवलेत तितके कुठल्याही नव्या इंटिग्रेटरने वाचवले नाहीत.

वेळेबद्दल. केबीओ इतका हळू आहे की एक मिनिटाची चूक म्हणजे ०.०५ आर्कसेकंद, कोणाला कळतही नाही. त्यामुळे लोक वेळेकडे दुर्लक्ष करतात आणि मग मोठी चूक खपून जाते. फिट्स (FITS) इमेज फाइलच्या हेडरमधली वेळ बहुतेक ठिकाणी एक्सपोजर सुरू झाल्याची असते, मधली नाही. दहा मिनिटांचं एक्सपोजर असेल तर पाच मिनिटं म्हणजे पाव आर्कसेकंद, आता हा रेसिड्युअलमध्ये दिसायला हवा. पण सगळ्या इमेजेसना तीच चूक असेल तर नाही दिसत, सगळं एकत्र सरकतं आणि फिट आनंदात. दिसतो कधी, तर दुसऱ्या टेलिस्कोपचा डेटा मिसळल्यावर, आणि मग आपण दुसऱ्या टेलिस्कोपला शिव्या घालतो. हीच ती माझी तिसरी चूक. आठ महिने मी समोरच्याच्या अ‍ॅस्ट्रोमेट्रीला (जागांच्या मोजमापाला) नावं ठेवत होतो आणि सुरुवातीची वेळ मध्याची म्हणून मीच टाकत होतो.

स्थानिक वेळ आणि यूटीसीचा (जागतिक वेळेचा) घोळ असेल तर चूक तासांची असते, ती लगेच दिसते, त्यात काही नाही. यूटीसी आणि टीडीबीमधला (कक्षांच्या गणितात वापरतात त्या वेळेतला) फरक सध्या ६९ सेकंद, ऑर्बिटसाठी नगण्य पण ऑकल्टेशनला (पिंड ताऱ्यासमोरून जातो आणि त्याची सावली पृथ्वीवर पडते तेव्हा) जीवघेणा, सावली सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटरने पळते.

ऑब्झर्वेटरी कोड (मोजमाप कुठल्या वेधशाळेतून झालं ते सांगणारी खूण) बघा. चुकून ५०० म्हणजे भूकेंद्राचा कोड राहिला तर ४० एयूवर पृथ्वीच्या त्रिज्येएवढा पॅरलॅक्स ०.२ आर्कसेकंद, तेवढी चूक रात्रभरात हळूहळू बदलत जाते आणि ती तुमच्या त्या नाजूक ढळाच्या दुप्पट-तिप्पट आहे. मग फिट त्यालाच खरा ढळ समजते आणि अंतर भलतंच सांगते. छोट्या आर्कमध्ये अशी लहान सिस्टिमॅटिक चूक मोठ्या रँडम चुकीपेक्षा वाईट.

लाइट टाइम. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये हमखास राहतो. ४४ एयूवरून प्रकाशाला यायला सहा तास लागतात, तेवढ्यात पिंड स्वतःच्या चालीने ३ आर्कसेकंद पुढे गेलेला असतो. लक्षण अगदी ठरलेलं, प्रेडिक्शन कायम पुढे, कायम तेवढंच, सीझन बदलला तरी तेवढंच. असं दिसलं की दुसरं काही शोधू नका.

कॅटलॉग. २०१६ च्या आधी मोजलेल्या पोझिशन्स यूएसएनओ-बीसारख्या कॅटलॉगवर असतील तर आकाशाच्या काही भागांत आर्कसेकंदाच्या दशांशांएवढा पूर्ण शिफ्ट असू शकतो. जुन्या इमेजेस मिळत असतील तर गाया यानाच्या कॅटलॉगमधल्या ताऱ्यांवर परत रिड्यूस करा (जागा नव्याने मोजा), तो कंटाळवाणा दिवस वसूल होतो. आणि गाया डीआर३ च्या पोझिशन्स २०१६.० या इपॉकच्या (त्या तारखेच्या) आहेत, ताऱ्यांची स्वगती (आकाशातली स्वतःची चाल) लावून तुमच्या इमेजच्या तारखेला आणायच्या. जुन्या इमेजेसना हे विसरलं की वीस वर्षांची स्वगती सरळ तुमच्या पिंडाच्या खात्यात जमा. जुन्या इमेजेस मिळत नसतील तर निदान वजन कमी द्या, एक आर्कसेकंदवाल्या जुन्या पॉइंटला आणि ०.०५ वाल्या नव्याला एकच वजन देऊन फिट करणारे लोक मी बघितलेत, नाव घेत नाही, त्यातला एक हे लिहितोय.

प्लूटोवर हात साफ करत असाल (चांगली कल्पना आहे, मॅग्निट्यूड १४ च्या आसपास, सोपा) तर एक खास सापळा. होरायझन्समध्ये (पिंडांच्या जागा सांगणारी नासाची सेवा) ९ हा नंबर प्लूटो-सिस्टिमच्या बॅरीसेंटरचा (सामाईक गुरुत्वमध्याचा) आणि ९९९ खुद्द प्लूटोचा. शॅरन हा त्याचा उपग्रह इतका मोठा आहे की बॅरीसेंटर प्लूटोच्या बाहेर पडतो, केंद्रापासून २१०० किलोमीटरवर. तेवढं अंतर आकाशात ०.०९ आर्कसेकंदांच्या आसपास दिसतं आणि रेसिड्युअलमध्ये ६.४ दिवसांची सुंदर लाट येते. शॅरन वेगळा दिसत नसेल तर मोजलेला मध्य दोघांचा मिळून असतो, तो ना इकडचा ना तिकडचा. इतर मोठ्या जोडपिंडांचंही तसंच, फक्त लाट लहान.

एक रात्र वगळून फिट करायची सवय लावा. प्रत्येक वेळी एक रात्र बाहेर ठेवायची आणि उरलेल्यांनी तिचं प्रेडिक्शन काढायचं. एखादीच रात्र काढल्यावर ऑर्बिट पूर्ण बदलत असेल तर तुमची सगळी ऑर्बिट त्या एका रात्रीवर उभी आहे, आणि ती रात्र कदाचित दुसऱ्याच पिंडाची आहे. दाट फील्डमध्ये दोन पिंडांचे तुकडे जोडून एक ‘नवीन’ अतिउत्केंद्री (फार लांबट कक्षेचा) पिंड तयार करणं फार सोपं आहे, आणि असे पिंड नेहमी सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात, हाच धोका.

पिंड तिथेच आहे पण तुम्हाला दिसत नाहीये, हेही होतं

हे मी आधी कधी धरायचोच नाही. तुमची मूव्हिंग ऑब्जेक्ट पाइपलाइन किती हळू चाल स्वीकारते ते बघा. एरिस या बटुग्रहाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल, ऑक्टोबर २००३ च्या इमेजेसमध्ये ती होती पण सापडली जानेवारी २००५ मध्ये, कारण मूळ शोधात तासाला १.५ आर्कसेकंदांपेक्षा हळू काही असलं तर ते टाकून दिलं जायचं आणि एरिस तेव्हा ९७ एयूच्या आसपास, १.४ ने चाललेली. सेडना हा असाच दूरचा, हळू पिंड सापडल्यावर शोधणाऱ्या टीमने मर्यादा खाली आणून जुना डेटा परत चाळला तेव्हा मिळाली. सूर्यमालेतला एवढा मोठा पिंड फिल्टरने गाळला होता, तुमचा १०० किलोमीटरचा काय घेऊन बसलात.

दुसरं म्हणजे ब्राइटनेस. २००१ क्यूजी२९८ नावाचा एक प्लुटिनो (नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत दोन फेऱ्या करणारा पिंड) आहे, २००३ च्या सुमारास तो फिरताना १.१ मॅग्निट्यूडने खालीवर व्हायचा, बहुधा दोन गोळे चिकटलेले. असा पिंड सगळ्यात उजळ असतानाही तुमच्या लिमिटपेक्षा जेमतेम ०.५ ने उजळ असेल तर अर्धा वेळ तो इमेजमध्ये नसल्यातच जमा. एका रात्रीच्या दोन इमेजेसवर निकाल देऊ नका, तीन-चार तासांच्या अंतराने घ्या. आणि आपण आकाशगंगेच्या पट्ट्यावरून जात असू तर पिंड एखाद्या ताऱ्यावर बसलेला असण्याची शक्यता खूपच, तिथे डिफरन्स इमेजिंगशिवाय (एका इमेजमधून दुसरी वजा करून स्थिर तारे घालवल्याशिवाय) जाऊच नका.

मॉडेलिंगवाल्यांसाठी, कारण तीच चूक इथे वेगळे कपडे घालून येते

ऑर्बिट मिळाली, आता ती १ कोटी वर्षं पुढे चालवून बघायचं की पिंड रेझोनन्समध्ये (नेपच्यूनच्या फेऱ्यांशी साध्या गुणोत्तरात अडकलेला) आहे का, क्लासिकल आहे का, नेपच्यून त्याला ढकलतोय का. २००८ मध्ये ग्लॅडमन, मार्सडेन आणि व्हॅनलेरहोव्हन यांनी जी वर्गीकरणाची पद्धत लिहिली ती बहुतेक लोक वापरतात, १ कोटी वर्षांचं इंटिग्रेशन, बेस्ट फिटबरोबर अनिश्चिततेच्या दोन टोकांचे क्लोन (थोड्या वेगळ्या कक्षेच्या प्रती), आणि सेमीमेजर अ‍ॅक्सिस (कक्षेचा अर्धा दीर्घाक्ष) १.५ एयूपेक्षा जास्त हलला तर स्कॅटरिंग (नेपच्यूनने विस्कटलेला). तक्रार अशी येते की ‘माझा पिंड काल प्लुटिनो होता, आज नवीन दोन पॉइंट टाकले तर क्लासिकल झाला, परवा परत प्लुटिनो’. पिंड काही बदलत नाहीये हो. ३:२ रेझोनन्स ३९.४ एयूला आहे आणि त्याची रुंदी एक एयूच्या आसपास, तुमचा सेमीमेजर अ‍ॅक्सिसच ३ टक्क्यांनी म्हणजे एक एयूहून जास्त डुलतोय. अशा वेळी बेस्ट फिट एकटी चालवण्याला काही अर्थ नाही. कोव्हेरियन्समधून शे-दोनशे क्लोन काढा, सगळे चालवा, आणि किती टक्के अडकले ते सांगा. सहा एलिमेंट्स वेगवेगळे सुटे सुटे हलवून क्लोन काढू नका, ते एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, सुटे हलवले तर ज्या ऑर्बिट तुमच्या डेटाला बसतच नाहीत त्या आत येतात.

आणि क्लोन असूनही उत्तर चुकीचं येत असेल तर या चार गोष्टी, यातली एक असतेच.

फ्रेम (दिशा मोजायची चौकट). वेक्टर (जागा आणि वेग) विषुववृत्तीय फ्रेममध्ये घेतले आणि एलिमेंट्स क्रांतिवृत्ताच्या (पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीच्या) समजून वाचले. ओळखायची युक्ती, तुमच्याच सिम्युलेशनमधल्या नेपच्यूनच्या कक्षेचा कल छापा. १.८ अंश हवा. २२ अंश आला तर फ्रेम चुकली. पिंडाचा कल बघून हे कळत नाही कारण २५ अंश कल असलेले पिंड खरेच असतात, म्हणून नेपच्यूनलाच विचारायचं, त्याला खोटं बोलता येत नाही.

एकक. रीबाउंडमध्ये (कक्षा चालवायचं सॉफ्टवेअर) जी (गुरुत्वस्थिरांक) = १ हा डीफॉल्ट आहे, म्हणजे एयू आणि सौर वस्तुमान वापरलं तर एक वर्ष म्हणजे वेळेची २ पाय (२π, ६.२८) एककं. १ कोटी टाकून तुम्ही चालवलेत फक्त १६ लाख वर्षं. प्लूटोचा रेझोनन्स अँगल वीसएक हजार वर्षांत एक झोका घेतो, त्यामुळे १६ लाखांतही प्लॉट छानच दिसतो आणि चूक लपते. झोक्याचा काळ मोजा, प्लूटोचा सव्वा लाख वर्षं आला तर समजून जा, किंवा ३ हजार आला तर उलटीकडून गुणलंय.

सूर्यकेंद्री की बॅरीसेंट्रिक (सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यापासून मोजलेलं). हे सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसतं. गुरू सूर्याला सेकंदाला बारा-तेरा मीटरने हलवतो. ४० एयूवरच्या पिंडाचा वेग सेकंदाला ४.७ किलोमीटर, त्यापुढे बारा मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सेमीमेजर अ‍ॅक्सिसमध्ये ते अर्ध्या टक्क्यापर्यंत जातं, ०.२ एयू. म्हणून सूर्यकेंद्री सेमीमेजर अ‍ॅक्सिस बारा वर्षांच्या लयीत झुलतो आणि माणूस म्हणतो माझी ऑर्बिट अस्थिर आहे. सेडनासारख्या लांबट कक्षांना तर हे कित्येक एयूंवर जातं, म्हणूनच वेगवेगळ्या ठिकाणी तिच्या फेरीचा काळ वेगवेगळा छापलेला दिसतो, प्रत्येकाची इपॉक वेगळी. नेपच्यूनपलीकडे बॅरीसेंट्रिक एलिमेंट्सच वापरा.

टाइमस्टेप. फक्त चार मोठे ग्रह ठेवत असाल (आतल्या ग्रहांचं वस्तुमान सूर्यात मिळवून) तर गुरूच्या १२ वर्षांच्या फेरीचा विसावा भाग, साधारण अर्धा वर्ष, पुरतो. पण काही जण ‘अचूकतेसाठी’ बुधसुद्धा टाकतात आणि स्टेप तीच अर्धा वर्ष ठेवतात. बुधाची फेरी ८८ दिवसांची. एका स्टेपमध्ये तो दोनदा सूर्याभोवती फिरून आला, आता तुमच्या सिम्युलेशनमध्ये तो कुठे आहे हे तो स्वतः सुद्धा सांगू शकणार नाही. केबीओला बुध कशाला हवाय. सेंटॉर (मोठ्या ग्रहांच्या मधल्या कक्षेतला पिंड) किंवा स्कॅटरिंग पिंड असेल, नेपच्यूनच्या जवळून जाणारा, तर मात्र ठरलेल्या स्टेपचा डब्ल्यूएचफास्ट इंटिग्रेटर सोडा, रीबाउंडमधलेच आयएएस१५ किंवा मर्क्युरियस घ्या, नाहीतर जवळच्या भेटीत ऊर्जा उडी मारते आणि पिंड सूर्यमालेबाहेर फेकला गेला अशी बातमी येते.

रेझोनन्स तपासताना फक्त पीरियडचं गुणोत्तर बघू नका. प्लुटिनोसाठी पिंडाच्या मीन लाँगिट्यूडची (कक्षेतल्या सरासरी जागेची, अंशांत) तिप्पट, त्यातून नेपच्यूनच्या मीन लाँगिट्यूडची दुप्पट वजा, त्यातून पिंडाच्या पेरिहेलियनचं लाँगिट्यूड वजा, हा अँगल १८० अंशांभोवती झुलत असेल तर अडकलाय, गोल गोल फिरत असेल तर नाही. गुणोत्तर १.५ च्या जवळ असूनही न अडकलेले पिंड असतात.

मग करायचं काय

शोध लागल्याच्या दुसऱ्या रात्री, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी, मग पुढच्या वर्षी. ही चार टोकं मिळाली की पिंड सहसा हरवत नाही. महिन्याची वेळ मिळवणं सगळ्यात अवघड असतं, चंद्र, ढग, टेलिस्कोपचा वेळ, आणि ‘आत्ताच तर बघितलाय की’ ही वृत्ती, पण पहिल्या आठवड्यातल्या पाच रात्रींपैकी दोन देऊन टाका आणि त्या महिन्याने परत मागा. आधी कळस मग पाया असं करून, म्हणजे एकाच आठवड्यात वीस पॉइंट घेऊन, रेसिड्युअल छान दिसतात एवढंच.

पिंड आधीच हरवलाय असं असेल तर प्रेडिक्शनच्या भोवती गोल शोधू नका. अनिश्चिततेची लंबवर्तुळ इतकी चपटी असते की ती जवळजवळ रेषाच असते, गतीच्या दिशेने पसरलेली. क्लोन काढलेच आहेत ना, तेच त्या रात्रीला आणून आकाशात टाका, रेष आपोआप दिसेल, त्या रेषेवर कॅमेऱ्याच्या फील्ड एकापुढे एक लावा. आडवी रुंदी बहुतेक वेळा एका चिपमध्ये मावते.

आणि टेलिस्कोपला हात लावायच्या आधी जुने अर्काइव्ह बघा. कॅनडाच्या खगोल डेटा सेंटरचं एसएसओआयएस नावाचं शोध साधन आहे, ऑर्बिट किंवा पोझिशन्स दिल्या की कुठल्या टेलिस्कोपच्या कुठल्या जुन्या इमेजवर तुमचा पिंड पडायला हवा ते सांगतं, त्यात हबलपासून मोठ्या कॅमेऱ्यांपर्यंत बरंच आहे. शोधाच्या आधीच्या वर्षातला एक चांगला पॉइंट मिळाला तर तो पुढच्या वर्षाच्या पॉइंटएवढाच कामाचा, आणि फुकट. फक्त तिथेही क्लोनची रेष वापरा, एकच पोझिशन नाही, नाहीतर वर सांगितलेली अर्ध्या चंद्राएवढी चूक मागच्या दिशेने करून ‘अर्काइव्हमध्येही नाही’ असं म्हणाल.

ऑकल्टेशनसाठी हे सगळं असूनही पुरत नाही, तिथे ४० एयूवर एक मिलिआर्कसेकंद म्हणजे २९ किलोमीटर. अ‍ॅरोकॉथसाठी (न्यू होरायझन्स यानाने जवळून बघितलेला केबीओ) हबलची मोजमापं आणि गायाचे तारे दोन्ही हाताशी होते तरी ३ जून २०१७ ला एवढ्या टेलिस्कोपांच्या रांगेतून कोणालाच सावली मिळाली नाही आणि १७ जुलैला अर्जेंटिनात पाच टेलिस्कोपांना मिळाली. तो पिंड ३५-३६ किलोमीटर लांब आहे, म्हणजे साधारण १.२ मिलिआर्कसेकंद. तुमचा पिंड त्या वर्गातला असेल तर रेषेला आडवे टेलिस्कोप पसरून ठेवा, अनिश्चिततेच्या दोन्ही बाजूंना, आणि शेवटची अ‍ॅस्ट्रोमेट्री घटनेच्या दोन-तीन आठवडे आधी नक्की घ्या, वर्षभरापूर्वीच्या ऑर्बिटवर कोणाला रात्रभर उभं करू नका.

तुमच्या केसमध्ये यातलं काहीच लागू होत नसेल तर विचारताना निदान एवढं टाका: प्रत्येक रात्रीची मध्य-एक्सपोजर वेळ, ऑब्झर्वेटरी कोड, वापरलेला कॅटलॉग, आर्क किती दिवसांचा आणि तो प्रतियुतीपासून किती दूर, आणि गतीच्या दिशेने फिरवलेले रेसिड्युअल. ‘फिट चांगली आहे पण सापडत नाही’ एवढंच लिहिलंत तर पहिला प्रश्न मी आर्कबद्दलच विचारणार.